विश्लेषण : रक्तचाचणीतून बुरशीसंसर्ग लवकर कळतो का?

हडपसर : अतिदक्षता विभागातील रुग्णाचा ताप प्रतिजैविके देऊनही उतरत नसेल, तर डॉक्टर ‘बीटा-डी-ग्लुकान’ किंवा ‘गॅलेक्टोमॅनन’ ही रक्तचाचणी लिहून देतात. हडपसर परिसरातील नातेवाइकांच्या हाती असा अहवाल पडला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

चाचणीत काय शोधतात?
बुरशीच्या पेशीला भिंत असते, माणसाच्या पेशीला नसते. संसर्ग वाढताना या भिंतीतील घटक रक्तात उतरतात. बीटा-डी-ग्लुकान कॅन्डिडा, अ‍ॅस्परजिलस अशा अनेक बुरशींत सापडते. गॅलेक्टोमॅनन चाचणी मुख्यतः अ‍ॅस्परजिलससाठी आहे.

ब्लड कल्चर पुरेसे नाही का?
कल्चरमध्ये बुरशी वाढायला काही दिवस लागतात. शिवाय शरीरात खोलवर पसरलेल्या कॅन्डिडा संसर्गात कल्चर जवळपास निम्म्या वेळा निगेटिव्ह येते. उपचाराला उशीर झाला की जिवाचा धोका वाढतो.

कोणाला गरज?
रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि दीर्घकाळ अतिदक्षता विभागात असलेले रुग्ण. नखाच्या किंवा त्वचेच्या बुरशीसाठी या चाचण्या नाहीत.

निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त?
नाही. सर्वांत मोठी गफलत इथेच होते. म्युकरमायकोसिस या दोन्ही चाचण्यांत सापडत नाही, कारण त्या बुरशीच्या भिंतीत हे घटक पुरेसे नसतात. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत याच आजाराने महाराष्ट्रात हजारो रुग्णांना गाठले. त्याच्या निदानासाठी नाकाची दुर्बिणीतून तपासणी, सीटी किंवा एमआरआय आणि ऊतीचा तुकडा काढून तपासणी लागते. मधुमेही रुग्णाचा चेहरा एका बाजूने सुजला, डोळा दुखू लागला किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये.

पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग नक्की?
तेही नाही. डायलिसिसचे काही फिल्टर, शस्त्रक्रियेत वापरलेले गॉज किंवा इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने यांमुळेही बीटा-डी-ग्लुकान वाढलेले दिसू शकते. म्हणून डॉक्टर चाचणी पुन्हा करून घेतात आणि सीटी स्कॅन, लक्षणे यांच्याशी निकाल ताडून पाहतात.

नातेवाइकांनी काय विचारावे?
‘ही चाचणी नेमकी कोणत्या बुरशीसाठी आहे आणि कोणती बुरशी तिच्यातून सुटू शकते?’ अहवालातील आकड्याइतकेच या प्रश्नाचे उत्तरही महत्त्वाचे आहे.