पाकिटाच्या पाठीवरचं बडोदे

महाराष्ट्राबाहेर राज्य करून राहिलेल्या मराठा घराण्यांत तीन घराणी मोठी: ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर आणि बडोद्याचे गायकवाड. टपालाच्या बाबतीत तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. शिंद्यांनी इंग्रज सरकारशी करार केला आणि १८८५ पासून राणीच्या चित्राच्या तिकिटांवरच ग्वाल्हेरचं नाव छापून घेतलं. होळकरांनी १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांचं चित्र असलेलं स्वतःचं तिकीट काढलं. गायकवाडांनी टपालाचं तिकीट कधीच काढलं नाही. एकवीस तोफांच्या सलामीचा मान, स्वतःची टांकसाळ, स्वतःची रेल्वे, कोर्टकचेऱ्यांसाठी स्वतःचे स्टँप, हे सगळं असूनही बडोद्याची चिठ्ठी संस्थानाबाहेर जायची ती इंग्रजांच्याच तिकिटावर.

संस्थानी तिकिटांच्या संग्रहात म्हणूनच बडोद्याचं पान नसतं. संग्राहक हैदराबादवरून काश्मीरवर जातात, शेजारच्या चिमुकल्या राजपिपळ्यावर थांबतात, कारण राजपिपळ्याने १८८० मध्ये तिकिटं काढली होती, आणि बडोदे ओलांडून पुढे जातात. मला मात्र हे संस्थान टपालाच्या अभ्यासासाठी सगळ्यांत मोलाचं वाटतं. इथे तिकिटाचं चित्र पाहून काहीच कळत नाही. जे कळायचं ते पाकिटावरचे शिक्के, भरलेलं हंशील आणि पत्राने धरलेली वाट यांतून कळतं, आणि टपालाच्या इतिहासाचा खरा विषय हाच आहे.

गायकवाडांनी तिकीट का काढलं नाही, याचं एक कारण नकाशातच दिसतं. संस्थान सलग नव्हतं. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत चार दिशांना पसरलेले, आणि मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसऱ्या संस्थानिकांच्या हद्दी. अमरेली तर पार काठियावाडात. संस्थानी तिकीट आपल्या हद्दीतच चालायचं. हद्द ओलांडली की वर इंग्रजी तिकीट लावावं लागे. अमरेलीहून राजधानीला पत्र पाठवायचं तरी परक्या मुलखातूनच जाणार. अशा राज्याला स्वतःचं टपाल म्हणजे जागोजागी दुहेरी खर्च. राजपिपळ्यालाही तो भार फार दिवस पेलला नाही. १८८६ मध्ये तिथलं टपाल इंग्रजांच्या व्यवस्थेत गेलं.

इंग्रजी टपालाआधी बडोद्यात पत्रं जात नव्हती असं मुळीच नाही. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला पत्रव्यवहार जासूद पायी नेत. सावकारांच्या हुंड्या आणि चिठ्ठ्या आंगडियांच्या कमरेला असत, आणि आंगडियांचा धंदा गुजरातेत आजही चालू आहे. १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर रेसिडेंट म्हणून बडोद्याला आले आणि त्यांच्यामागून कंपनीच्या टपालाची गरज आली. रेसिडेंटाला मुंबईशी रोज बोलावं लागे. पुढे १८३७ च्या कायद्याने पत्रं नेण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. एकाच गावात दोन सत्ता नांदत होत्या: शहरात गायकवाडांची आणि छावणीत, म्हणजे बडोदे कॅम्पात, इंग्रजांची. टपालाचा शिक्का या दुसऱ्या सत्तेच्या हातात राहिला.

तिकिटं येण्यापूर्वीच्या पत्रांवर हाताने मारलेले शिक्के असतात, आणि त्यांची शाई बोलते. पाठवणाऱ्याने पैसे भरले असतील तर लाल शिक्का, घेणाऱ्याने भरायचे असतील तर काळा. हंशील अंतरावर आणि वजनावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया आणि कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे, असा तो भाव होता. सामान्य माणसाने पत्र लिहायचं नाही, असंच त्या भावाचं म्हणणं. जी पत्रं टिकली ती म्हणूनच बहुतेक सरकारी, लष्करी किंवा पेढीवरची. त्या काळातली एखाद्या विधवेची किंवा कारकुनाची खासगी चिठ्ठी अशा शिक्क्यासह कुठे सापडली, तर तिचं मोल वेगळंच.

१ ऑक्टोबर १८५४ हा दिवस या इतिहासातला सगळ्यांत मोठा. १८५० मध्ये नेमलेल्या आयोगाने हिशेब करून दाखवलं होतं, की पत्र किती लांब न्यायचं यावर खर्च फारसा अवलंबून नसतो. त्या आधारावर सरकारने अंतराचा भाव काढून टाकला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, एक तोळ्याला दोन आणे. मग ते पत्र बडोद्याहून भरूचला जावो की कलकत्त्याला. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला दुप्पट दर, आणि तो भरायचा घेणाऱ्याने.

पाव तोळा म्हणजे आजच्या मापात तीन ग्रॅमहूनही कमी. हा आकडा नीट मनात ठेवला की त्या काळातली पत्रं जशी दिसतात तशी का दिसतात ते उलगडतं. कागद इतका पातळ की मागचं अक्षर पुढे दिसतं. स्वतंत्र पाकीट नाहीच, कारण पाकिटाचंही वजन होतं. कागदाचीच घडी घालून त्यावर पत्ता. समासही अक्षरांनी भरलेला. मोडी लिपी जागा वाचवायला उपयोगी पडे. माणसं जपून लिहीत होती यात स्वभाव किती आणि तराजू किती, हे त्या पत्राचं वजन केल्याशिवाय सांगता येत नाही. १८६९ मध्ये अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला, १९०५ मध्ये पाऊण तोळा, १९०७ मध्ये पूर्ण तोळा. पन्नासेक वर्षांत त्याच अर्ध्या आण्यात चौपट कागद मावू लागला. घरच्या पत्रांमधली लांबी आणि मोकळेपणा याच काळात वाढलेला दिसतो, आणि मला यातलं नातं योगायोगाचं वाटत नाही.

बडोद्यात आणखी एक गोष्ट आड येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संस्थानात बाबाशाही रुपया चाले आणि टपाल खात्याचा हिशेब मात्र इंग्रजी कलदार रुपयात. दोन्ही रुपयांचा भाव एक नव्हता. म्हणजे हंशिलाचा सरकारी तक्ता समोर ठेवला तरी बडोद्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून नेमकं काय गेलं, ते त्या वेळचा वटाव पाहिल्याशिवाय समजत नाही. इंग्रजी ग्रंथांतले दर जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटतं.

तिकिटं आली आणि ती पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून रद्द करणारे शिक्के आले. सुरुवातीला शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेले नुसते ठिपके. त्यावरून कुठलं टपाल कार्यालय ते कळायला मार्ग नाही. १८५५ पासून प्रत्येक इलाख्यातल्या कार्यालयांना क्रमांक दिले गेले आणि शिक्क्याच्या रेघांमध्ये तो क्रमांक आला. हे क्रमांक सोडवणं हे एका पिढीचं काम झालं. रेनूफ आणि मुंबईचे जाल कूपर यांनी शिक्क्यांचे प्रकार लावून दिले. आजही अभ्यासक त्यांच्याच नावांनी ते ओळखतात. हॅमंड जाइल्स यांनी तिकिटांपूर्वीच्या हातशिक्क्यांची सूची केली. १९५० मध्ये ‘इंडिया स्टडी सर्कल’ स्थापन झालं आणि जगभर विखुरलेले अभ्यासक एकमेकांशी जोडले गेले. पुढे गावाचं नाव आणि तारीख असलेले शिक्के रूढ झाले आणि काम सोपं झालं, तरी सगळीकडे नाही. चालेल की नाही ठाऊक नसलेल्या खेड्यात टपाल खातं प्रायोगिक कार्यालय उघडे आणि त्याच्या शिक्क्यावर गावाच्या नावाऐवजी क्रमांक असे. असा शिक्का भेटला की गाव शोधण्याचं काम नव्याने सुरू होतं.

पत्राची खरी हकिगत पाठीमागे असते. निघाल्याची तारीख पुढे, तर वाटेतल्या आणि पोहोचल्याच्या गावांचे शिक्के पाठीवर. बडोद्याच्या बाबतीत ही पाठ वाचताना नद्या लक्षात ठेवाव्या लागतात. दक्षिणेहून येणाऱ्या टपालाला तापी आणि नर्मदा उतराव्या लागत, अहमदाबादकडे जाणाऱ्याला मही. पावसाळ्यात होड्या अडत आणि थैल्या काठावर पडून राहत. १८६१ मध्ये बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे बडोद्याला पोहोचली, १८६४ मध्ये मुंबई त्या मार्गाने जोडली गेली, आणि टपालाने गाडी धरली. तरीही भरूचजवळचा नर्मदेचा पूल पुरांनी पुन्हा पुन्हा मोडला. १८८१ मध्ये नवा पूल उभा राहीपर्यंत हा मार्ग नदीच्या मर्जीवर होता. ऑगस्ट महिन्यातल्या एखाद्या पाकिटावर मुंबई आणि बडोदे यांच्या तारखांमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिवस दिसले, तर पहिला संशय टपालाच्या कारभारावर घेऊ नये, नर्मदेवर घ्यावा.

संस्थानाची स्वतःची छोटी रेल्वेही या गोष्टीत आहे. मियागाव ते डभोई ही अरुंद गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा बैल ओढत होते. वाफेची इंजिनं नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांची पत्रं वाचताना हा फाटा नजरेआड करून चालत नाही.

समुद्रापलीकडच्या पत्रांचं गणित वेगळं. सयाजीराव महाराज १८८७ पासून युरोपला जाऊ लागले, पाठोपाठ बडोद्याचे विद्यार्थी आणि अधिकारीही. मुंबईहून आठवड्याला एक डाक निघे, आणि तिच्या वेळेला गाठ पडेल अशा बेताने बडोद्याचं पत्र गाडीत चढवावं लागे. मुंबई आणि एडनच्या दरम्यान बोटीवरच्या टपाल कार्यालयात पत्रांची विभागणी चाले. दरांची उतरण अशी: १८९० मध्ये इंग्लंडच्या अर्ध्या औंसाच्या पत्राला साडेचार आणे, १८९१ पासून अडीच आणे, आणि २५ डिसेंबर १८९८ पासून फक्त एक आणा. साडेचार आण्यांची शिल्लक तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर अडीच आण्यांचा छाप मारला गेला. दिनांक नसलेलं, शिक्का पुसट झालेलं पाकीट हातात आलं तर एवढ्या तीन आकड्यांवरून त्याचं दशक सांगता येतं.

हा अभ्यास वडोदऱ्यात बसून करायचा तर साधनं विखुरलेली आहेत. रावपुऱ्यात शहराचं मुख्य टपाल कार्यालय आहे आणि शहरात टपाल तिकिटांच्या संग्राहकांची संस्था आहे. रेसिडेन्सीची कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, मुंबई इलाख्याचे दप्तर मुंबईत, इंडिया ऑफिसचे लंडनमध्ये. संस्थानाच्या मोडी दप्तरातले निवडक कागद बडोदे सरकारने १९३४ पासून छापले, पण छापताना मजकूर घेतला. पाकीट, शिक्का, हंशील यांना तिथे जागा नव्हती.

इतिहासकारांची ही सवय मला खरोखर अस्वस्थ करते. रियासतकार सरदेसाई १८८९ ते १९२५ बडोद्याच्या नोकरीत होते. १९०४ मध्ये त्यांचा जदुनाथ सरकारांशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो दशकानुदशकं चालला. मराठ्यांच्या इतिहासाची केवढी चर्चा या पत्रांमधून झाली! त्याच काळात पत्राच्या वजनाची मर्यादा दोनदा वाढली आणि १९२२ मध्ये अर्ध्या आण्याचं पत्र एक आण्यावर गेलं. सरकारांकडे पाटण्याला गेलेला संदर्भ किती दिवसांत पोहोचला, उत्तर किती दिवसांत आलं, एका पाकिटात किती पानांची नक्कल मावली, हे छापील पत्रसंग्रहातून कळणार नाही.

संग्राहकांनी केलेलं नुकसान याहून मोठं आहे. अल्बमात चिकटवायला तिकीट कापून घेतलं, बाकी पाकीट फेकून दिलं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कापलेल्या तिकिटावर अर्धा शिक्का राहतो. वाट, वजन, पत्ता, पाठीवरच्या तारखा सगळं जातं. ज्या संस्थानाला स्वतःचं तिकीटच नव्हतं, त्याच्या बाबतीत तर काहीच उरत नाही, कारण ते तुटकं तिकीट मुंबई-मद्रासच्या लाखो तिकिटांसारखंच दिसतं. त्यात आता बाजारात जुन्या तिकिटांवर नवे शिक्के मारलेली पाकिटंही येतात. त्यांना पकडायचं तर दर, मार्ग आणि तारीख यांचा मेळ घालून पाहणं हाच भरवशाचा उपाय: पाव तोळ्याच्या काळातलं जाड पाकीट आणि त्यावर अर्ध्या आण्याचं एकच तिकीट असेल, आणि कमी पडलेल्या हंशिलाची खूण नसेल, तर शंका घ्यावी.

बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये, दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात, गायकवाडी नोकरीतल्या माणसांची पत्रं अजून पेट्यांत असतील. ती बाहेर काढाल तेव्हा तिकीट सोडवू नका, पाण्यात बुडवू नका, घडी ताणून उघडू नका. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, वजन करा, पत्र कुणाचं कुणाला ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. अमरेलीहून बडोद्याला गेलेलं रेल्वेपूर्व काळातलं पत्र हाती लागलं तर आधी पाठीवरचे शिक्के क्रमाने उतरवा; काठियावाडातून ते कुठल्या वाटेने आलं, ते तिथेच लिहिलेलं असेल.