मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट : स्वरूप आणि भाषा

१

आमच्या विभागातील एका संशोधक विद्यार्थ्याने काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्याची झोप उडाली होती. प्रबंधाचे प्रकरण उघडून बसले तरी एक ओळ पुढे सरकत नव्हती. मित्रांच्या आग्रहावरून त्याने एका मानसशास्त्रज्ञाची वेळ घेतली होती. परंतु दोन वेळा ठरलेल्या दिवशी तो गेलाच नाही. कारण विचारता तो म्हणाला, "तिथे गेल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, तेच मला ठरवता येत नाही, सर."

प्रश्न वरवर लहान वाटतो. पण मदत मिळणे अथवा न मिळणे हे त्यावर अवलंबून होते, आणि तो भाषेच्या अभ्यासकास विचारलेला होता. त्या विद्यार्थ्याच्या अनुमतीने त्याचा येथे उल्लेख केला आहे. या भेटीत काय घडते, कोण काय विचारतो, आपण काय सांगावयाचे असते आणि सांगितलेल्याचे पुढे काय होते, यांचे विवेचन करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. लेखक मानसशास्त्राचा अधिकारी नाही. संभाषण हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे आणि ही भेट मुख्यतः संभाषणाचीच असते.

२

प्रथम संज्ञांचा घोळ निस्तरला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो व तो औषधे लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला व्यवहारात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात तो, मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेला असतो. मुलाखत, मानसिक चाचण्या आणि संवादाच्या मार्गाने होणारे उपचार हे त्याचे क्षेत्र होय. तो औषधे देत नाही. गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी त्या परिषदेकडे होत असते, आणि ती आहे किंवा नाही हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. समुपदेशक ही संज्ञा मात्र सैल आहे. तिच्या पोटी उत्तम प्रशिक्षित व्यक्तीही येतात आणि अल्प मुदतीचा वर्ग पुरा केलेल्याही येतात. म्हणून तेथे शिक्षणाची चौकशी करणे अधिकच अगत्याचे ठरते.

३

भेटीचा बाह्य क्रम साधारणपणे असा असतो. आरंभी नाव, वय, शिक्षण, राहण्याचे ठिकाण इत्यादी माहितीचा एक कागद भरावा लागतो. भेटीचे स्वरूप, शुल्क व गोपनीयता यांसंबंधी माहिती देऊन संमती घेतली जाते. नंतरचे संभाषण बहुधा पाऊण तास ते एक तास चालते. सोबत आलेल्या नातेवाइकाशी बोलणे आवश्यक वाटले, तर सामान्यतः आपल्याला विचारून त्याला वेगळे अथवा आपल्यासमक्ष बोलावले जाते. बोलणे चालू असता मानसशास्त्रज्ञ टिपणे घेतो; त्यात वावगे काही नाही.

प्रश्नांचा रोख ठराविक असतो. त्रास कोणता, केव्हापासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो. झोप, भूक, कामातील लक्ष यांची स्थिती काय. घरी कोण कोण आहेत, कोणाशी जमते, कोणाशी जमत नाही. यापूर्वी असे कधी झाले होते काय. कुटुंबात कोणास असा त्रास होता काय. शारीरिक आजार, चालू औषधे, मद्य वा तंबाखू यांविषयीही विचारले जाते. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांसारख्या आजारांतही थकवा व उदासपणा येतो. म्हणून प्रकृतीच्या तपासण्या झाल्या आहेत काय, हा प्रश्न गैरलागू समजू नये. काही वेळा आजची तारीख, वार किंवा शंभरातून सात वजा करीत जाणे असल्या साध्या गोष्टी विचारल्या जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हा आपला उपमर्द वाटण्याचा संभव आहे. परंतु ही एक नेहमीची तपासणी आहे; डॉक्टर नाडी पाहतो तशी.

जीव द्यावा असे कधी मनात येते काय, हाही प्रश्न बहुधा विचारला जातो. तो ऐकून पुष्कळ जण दचकतात. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. संशोधनाने तिला आधार मिळालेला नाही. उलट, मनात असलेली ती गोष्ट दुसऱ्याने निर्विकारपणे उच्चारल्याने बोलणे सोपे होते. उत्तर होकारार्थी असेल तर ते तसेच द्यावे.

कधी एखादी छापील प्रश्नावली पुढे ठेवली जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आज सर्वत्र प्रचलित असलेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली उदाहरणादाखल घेता येईल. मागील दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच तीत विचारलेले असते. प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण असतात. कमाल बेरीज सत्तावीस होते. गुण म्हटले की विद्यार्थ्याला परीक्षा आठवते. पण ही बेरीज म्हणजे निकाल नव्हे, निदानही नव्हे. त्रासाचे मोजमाप करून पुढे तो वाढला की घटला हे पाहण्याचे ते एक साधन आहे.

४

आता या संभाषणाच्या अंतरंगाकडे वळू. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट पिटेंजर, भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट आणि जॉन डॅनेही या तिघांनी १९६० मध्ये 'द फर्स्ट फाइव्ह मिनिट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका रुग्णेच्या पहिल्या मुलाखतीची केवळ पहिली पाच मिनिटे हा त्या संपूर्ण ग्रंथाचा विषय. शब्द, स्वरांचे चढउतार, मध्येच घेतलेला श्वास, अडखळणे, थांबणे या सर्वांची नोंद त्यात केलेली आहे. त्यांच्या निष्कर्षांपैकी एक आपल्या विषयास फार उपयुक्त आहे. माणसे कोणत्याही विषयावर बोलत असोत, त्याच वेळी ती स्वतःविषयी, समोरच्याविषयी आणि त्या क्षणीच्या परिस्थितीविषयीही काही सांगतच असतात. तेव्हा पहिले वाक्य अचूक असले पाहिजे, ही भीती निराधार ठरते. अडखळणारे वाक्यही माहिती देते. 'कुठून सुरुवात करावी ते कळत नाही' हे वाक्य तर अनुभवी मानसशास्त्रज्ञाने अगणित वेळा ऐकलेले असते.

मग आपल्याला भीती कशाची वाटते? प्रस्तुत लेखकास वाटते, ती मौखिक परीक्षेची. जॉन सर्ल याने १९६९ च्या आपल्या ग्रंथात प्रश्नांचे दोन प्रकार सांगितले आहेत : खरा प्रश्न आणि परीक्षेतील प्रश्न. खऱ्या प्रश्नात विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक नसते व ते हवे असते. परीक्षकास उत्तर ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक आहे की नाही, हे त्याला पाहावयाचे असते. बालवाडीपासून प्रबंधाच्या मौखिक परीक्षेपर्यंत टेबलापलीकडच्या विद्वानाने विचारलेला प्रश्न आपण दुसऱ्या प्रकारचाच समजत आलो. मानसशास्त्रज्ञाच्या खोलीतही टेबल असते, पलीकडे विद्वान असतो. परंतु प्रश्न पहिल्या प्रकारचा असतो. आपल्याला रात्री तीन वाजता जाग आल्यावर काय वाटते, हे त्या खोलीत केवळ आपल्यालाच ठाऊक असते.

विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅन्शेल यांनी १९७७ मध्ये मानसोपचारातील संभाषणाच्या पंधरा मिनिटांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांनी हीच गोष्ट एका नियमाच्या रूपाने मांडली. जी गोष्ट केवळ ऐकणाऱ्यास ठाऊक आहे, तिच्याविषयी बोलणाऱ्याने विधान केले, तर ते विधान दुजोऱ्याची मागणी ठरते. उदाहरणार्थ, मानसशास्त्रज्ञ म्हणतो, 'म्हणजे घरी गेल्यावर तुम्हांला कोणाशीच बोलावंसं वाटत नाही.' वाक्याची रचना विधानाची आहे, पण व्यवहारात तो प्रश्न आहे. ज्येष्ठांचे विधान खोडून काढणे हे आपल्या संस्कारात बसत नाही. त्यामुळे कित्येक जण केवळ भिडेपोटी 'हो' म्हणून मोकळे होतात आणि पुढचे सर्व संभाषण त्या चुकीच्या पायावर उभे राहते. येथे 'नाही, तसं नाही. बहिणीशी बोलावंसं वाटतं, बाबांशी नाही' असे म्हणणे हाच सहकार्याचा मार्ग होय. मौनाचेही तसेच. शांतता पसरली म्हणजे आपण नापास झालो असे मानू नये; विचार करण्यास ती जागा मुद्दाम दिलेली असते.

५

मराठी भाषिकासाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. मराठीत भीती वाटते, राग येतो, झोप लागत नाही, काही सुचत नाही. या रचनांत अनुभव घेणारी व्यक्ती 'मला' अशी चतुर्थीत येते. टेन्शन हा परका शब्दही याच साच्यात बसला : ताप येतो तसे टेन्शन येते. यावरून मराठी माणूस आपल्या दुःखाची जबाबदारी टाळतो, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होईल. पण अशा वाक्यांत कारण, प्रसंग व काळ अध्याहृत राहू शकतात, हे लक्षात ठेवलेले बरे. 'मला टेन्शन येतं' एवढ्यावर न थांबता केव्हा येते, कोणता प्रसंग घडल्यावर येते, त्या वेळी शरीरात काय होते आणि आपण काय करतो, हे सांगावे. मागील आठवड्यातील एक प्रसंग सविस्तर सांगितल्यास तो दहा विशेषणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

या एका टेन्शनने मराठीतील कितीतरी शब्दांना बाजूस सारले आहे. हुरहुर, धास्ती, घालमेल, कोंडमारा हे शब्द समानार्थी नव्हेत. धास्तीला बहुधा काही लक्ष्य असते, हुरहुरीला ते असेलच असे नाही. घालमेलीत मन दोन बाजूंस ओढले जाते. कोंडमाऱ्यात बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. 'करमत नाही' या दोन शब्दांत जे येते, ते इंग्रजीत सांगावयास एक परिच्छेद लागेल. 'पोटात गोळा येतो', 'छातीत धडधडतं', 'डोकं जड होतं' ही वर्णनेही अडाणीपणाची नव्हेत. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके बव्हंशी इंग्रजी असल्यामुळे सुशिक्षित माणूस घरूनच निदान घेऊन जातो व 'मला डिप्रेशन आहे' असे सांगतो. निदान करणे हे पलीकडच्या व्यक्तीचे काम आहे. आपले काम वर्णनाचे. आपण घरी अहिराणी, मालवणी वा वऱ्हाडी बोलत असू, तर ती खोलीच्या दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. मराठीत बोलता येईल काय, हे वेळ ठरवतानाच विचारावे.

६

सांगितलेल्याचे पुढे काय होते? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस तिच्या आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आहे. या हक्कास अपवाद आहेत. जीवितास धोका असणे, दुसऱ्या कोणास इजा होण्याचा संभव असणे, न्यायालयाचा आदेश असणे हे त्यांपैकी प्रमुख होत. उपचारात सहभागी असलेल्या अन्य तज्ज्ञांनाही आवश्यक ती माहिती देता येते. विद्यापीठाने वा महाविद्यालयाने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक प्रश्न आरंभीच विचारावा : माझे बोलणे विभागप्रमुखांपर्यंत अथवा मार्गदर्शकांपर्यंत जाते काय? याचे स्पष्ट उत्तर मिळणे हा त्याचा अधिकार आहे. अध्यापकांनीही एक पथ्य पाळावे. विद्यार्थी तेथे गेला होता हे कळले, तरी तेथे काय बोलणे झाले, अशी चौकशी करू नये.

पहिल्या भेटीकडून फार अपेक्षा ठेवणेही योग्य नव्हे. त्या दिवशी बहुधा उपाय मिळत नाही. निदानही कित्येकदा होत नाही. शेवटी मानसशास्त्रज्ञ आपल्याला काय समजले ते थोडक्यात सांगतो व पुढील भेटी किती दिवसांनी, कशासाठी, हे ठरते. ते त्याने सांगितले नाही तर आपण विचारावे. बाहेर पडल्यावर हलके वाटते, तसेच गळून गेल्यासारखेही वाटते; पुष्कळ दिवस बंद असलेले बोलणे उघडल्यावर असे होणे स्वाभाविक आहे. दोन-तीन भेटींनंतरही त्या व्यक्तीशी सूर जुळला नाही, तर तसे सांगून दुसऱ्याकडे जावे. एकाशी न जमणे म्हणजे उपचार व्यर्थ असणे नव्हे.

मात्र जीव नकोसा झाला असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहत बसू नये. जवळच्या माणसास सांगावे, रुग्णालयात जावे, अथवा १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तीत अहोरात्र आणि मराठीतूनही बोलता येते.

७

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यास लेखकाने एवढेच सुचवले होते की, जो प्रश्न त्याने लेखकास विचारला, तोच तेथे विचारावा. तिसऱ्या वेळी तो गेला. नंतर भेटल्यावर त्याने सांगितले, "मी म्हटलं, काय बोलावं ते मला कळत नाही. त्या म्हणाल्या, मग तिथूनच सुरू करू." यापुढचे त्यांचे बोलणे लेखकास ठाऊक नाही, आणि ते त्याने विचारलेही नाही.