यादवी मिटली ती बोरघाटाच्या तोंडाशी

सुप्याहून नगर-पुणे रस्त्याने कितीही गेलात तरी समुद्राची चाहूल लागत नाही. त्यामुळेच की काय, देशावर मराठ्यांच्या यादवीची गोष्ट घोडदळापुरतीच सांगतात: औरंगजेब मेला, शाहू सुटले, नगरवरून पुढे सरकले, 12 ऑक्टोबर 1707 ला खेडला ताराबाईंच्या फौजेचा मोड झाला आणि भांडण संपलं.

भांडण संपलं नव्हतं. किनारा आणि आरमार कान्होजी आंग्र्यांच्या हाती, आणि कान्होजी ताराबाईंच्या, म्हणजे पन्हाळ्याच्या पक्षाचे. 1713 मध्ये त्यांनी लोहगड, राजमाची घेतले. चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केलं.

मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी कान्होजींना लढून नमवलं, हा दुसरा गैरसमज. फौज सोबत होती, पण काम केलं ते पत्रांनी आणि लोणावळ्याजवळच्या भेटीने. बाळाजी मूळ श्रीवर्धनचे. किनाऱ्याच्या माणसाशी कसं बोलावं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. 1714 च्या तहात कान्होजींनी पन्हाळ्याचा पक्ष सोडला, बहिरोपंतांना मोकळं केलं, राजमाचीखेरीज जिंकलेला मुलूख परत दिला. शाहूंनी त्यांना सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, 10 मोठे किल्ले आणि 16 लहान ठाणी दिली.

किल्ल्यांची ही यादी मला तहातला सर्वांत बोलका भाग वाटते. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असणारच. पण माणिकगड, रसाळगड? राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन? त्यांना लाट कधी लागत नाही. आरमार मात्र जमिनीवरच पोसलं जातं. गुराब जहाजांना सागवान हवं, दोरखंड आणि शिडाचं कापड हवं, खलाशांना तांदूळ आणि पगार हवा. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवतात; नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र काही देत नाही, पोटं मात्र भरावीच लागतात. त्यासाठी गावांचा वसूल लागतो. आणि बंदरांतून देशावर चढणाऱ्या बोरघाटाच्या वाटेवर राजमाचीची नजर असते. कान्होजींनी राजमाची हातची सोडली नाही, यात त्यांचा हिशेब पक्का होता.

इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण ते छत्रपतींचे सरखेल होते. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज ते अडवत, पोर्तुगीजही आपल्या परवान्यासाठी तेच करत.

तहाचा गुण लगेच आला. 1715 च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीलाही तह करावा लागला. शाहूंचा सातारा आणि पन्हाळा यांचा वाद कायदेशीररीत्या मात्र मिटला तो वारणेच्या तहाने, 1731 मध्ये. त्याआधी दोन वर्षं कान्होजी वारले होते.