येळ्ळूरचं एक वर्ष

राजहंसगडावर सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर उभं राहिलं, की खाली येळ्ळूरचं शिवार आणि त्याच्यापलीकडे बेळगाव दिसतं. गावाचा इतिहास कुठून मोजायचा? कातळापासून मोजून बघू.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला. आजही ५ लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे दीड महाराष्ट्राएवढ्या भूभागावर, तो पसरलेला आहे. त्याची दक्षिणेकडची कड बेळगावच्या आसपास येते. या सगळ्या काळाचं एक वर्ष करू. १ जानेवारीला लाव्हा, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आज. मग एका सेकंदात दोन वर्षं बसतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच डायनोसॉर संपले. माणूस यायला ३० डिसेंबरची सकाळ उजाडली. जगात कुठेतरी भात पिकू लागलं, ते ३१ तारखेच्या रात्री पावणेअकराच्या सुमारास. १२०४ साली रट्ट घराण्याच्या काळात बेळगावचा किल्ला उभा राहिला, तेव्हा बारा वाजायला साडेसहा मिनिटं होती. बहमनी वजीर महमूद गवानानं तो जिंकला पंधराव्या शतकात, साडेचार मिनिटं उरली असताना. १८१८ साली इंग्रज आले, तेव्हा शंभर सेकंदही उरले नव्हते.

आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या, त्याला झाले ३३ सेकंद. त्यात महाजन अहवाल, ८६५ गावांची मागणी, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, जुलै २०१४ मध्ये हटवलेला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ फलक, सगळं आलं. एवढ्यात इथल्या तीन पिढ्या मोर्चे काढत म्हाताऱ्या झाल्या. कातळाच्या हिशेबात माणसाचं अख्खं आयुष्य अर्ध्या मिनिटाचं.

आता शिवारात उतरू. इथे वर्षाला साधारण सव्वा मीटर पाऊस पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका एकरावर तो ५० लाख लिटर भरतो. १० हजार लिटरचे ५०० टँकर! त्यावर इथला वासाचा बासमती पिकतो आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर येतो. तांदळाचा दाणा २० मिलिग्रॅमचा धरला, तर एका क्विंटलमध्येही दाणे ५० लाखच.

शहर येळ्ळूरच्या वेशीपर्यंत येऊ लागलंय. शेताचे प्लॉट पाडायला वर्ष-दोन वर्षं पुरतात, म्हणजे आपल्या घड्याळात फार तर एक सेकंद. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडणार, मग खाली काळी माती असो वा काँक्रीट. मातीनं ते मुरवून भात दिलं. काँक्रीटवरून ते गटारात जाईल, आणि गटार तुंबलं की घरात.

प्लॉट घेताना भाव सगळेच विचारतात. पाणी कुठे जाणार, तेही विचारा.