जुनं ते सुरू!

नवा ट्रॅक्टर म्हणजे हप्ते. जुना ट्रॅक्टर म्हणजे पाना, चिंधी आणि तयार कान. शेतातल्या म्हाताऱ्या यंत्रांच्या या काही गमती, खिशाला न चावणाऱ्या!

बॅटरी उतरली? उतारावर लावा
डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल पेटतं. जुन्या ट्रॅक्टरला बॅटरी लागते ती मुख्यतः स्टार्टर फिरवायला. म्हणून तर कमजोर बॅटरीचा ट्रॅक्टर रात्री उतारावर उभा दिसतो. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी सरकली की गिअरात घालून क्लच सोडायचा. आणि बंद करताना? चावी नव्हे, स्टॉपर ओढायचा. डिझेल तुटलं की स्वारी गप्प.

लांबणारा तास
ट्रॅक्टरचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. पण जुन्या ट्रॅक्टरवरचं केबलचं मीटर घड्याळ नसतं, ते इंजिनाचे फेरे मोजतं. ठरलेल्या वेगाला त्याचा तास ६० मिनिटांचा. इंजिन संथ चाललं की तोच तास ऐसपैस लांबतो. जुना ट्रॅक्टर विकत घेताना मीटरपेक्षा क्लचच्या पेडलाची झीज बघणारे उगाच शहाणे नसतात!

पाण्याचं वजन, वजनाचं डिझेल
मऊ रानात मागची चाकं जागीच फिरतात? टायरमध्ये पाणी भरा. १३.६-२८ मापाचा टायर पाऊण भरला तर साधारण २०० लिटर पाणी मावतं. दोन चाकांचे झाले ४०० किलो, तेही लोखंड विकत न घेता. चाक कमी घसरतं, डिझेल वाचतं, टायरही कमी झिजतो.

धूर बोलतो
काळा धूर म्हणजे लोड जास्त, नाहीतर इंजिनाला हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा बघा. पांढरा धूर गारठ्यात सुरुवातीला चालतो, पण इंजिन तापल्यावरही हटला नाही तर मेकॅनिक गाठा. काळ्या धुराचा इलाज अनेकदा घरीच असतो. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरमध्ये वाटीभर ऑइल असतं आणि धूळ त्यात चिकटून बसते. वाटी डिझेलने धुवा, खुणेपर्यंत ताजं ऑइल भरा. नवा फिल्टर आणायला नको.

नातवाचा रोटाव्हेटर आजोबांना बसतो
दोन हात खाली, एक टॉपलिंक वर. अवजार जोडायच्या या तीन टेकूंच्या पद्धतीचं पेटंट आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये घेतलं. अवजार फिरवणाऱ्या पीटीओचा सहा खाचांचा शाफ्ट आणि मिनिटाला ५४० फेरे, हेही माप जगभर ठरून गेलं. त्यामुळे ताकद पुरत असेल तर नवं अवजार जुन्या ट्रॅक्टरला बिनतक्रार जोडलं जातं. फक्त ५४० ला ६० ने भागा. सेकंदाला ९ फेरे! उपरण्याचं टोक अडकलं तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. काटकसर कुठेही करा, शाफ्टच्या कव्हरवर नको.

विहिरीतला फुटबॉल
पाइपाच्या तळाशी बसवतात तो फूट व्हॉल्व्ह. गावाकडे त्याचं बारसं कधीच ‘फुटबॉल’ म्हणून झालंय! त्याच्या झडपेत काडी अडकली की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि शिव्या खाते बिचारी मोटार. याउलट, पंपाच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून थेंब-थेंब गळणारं पाणी बघून लगेच पाना उचलू नका. ते पाणी आतल्या दोरीला गार ठेवतं. ग्लँड करकचून आवळली तर दोरी जळते आणि शाफ्ट झिजतो.

इंग्लंडचं इंजिन, राजकोटचे सुटे भाग
इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं ६ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला जेमतेम ६५० फेरे घ्यायचं. जड फ्लायव्हील, संथ चाल, हँडल मारून सुरू. त्याच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी पुढे कित्येक दशकं घडवल्या. कमी फेरे म्हणजे कमी झीज, आणि भरपूर नकला म्हणजे भरपूर सुटे भाग.

धान्यावरची ‘एएमसी’
वार्षिक देखभालीचा करार ही काही कंपन्यांची अक्कल नव्हे. बलुतेदारीत सुतार आणि लोहार नांगर, कुळव, तिफण वर्षभर नीट ठेवायचे. फाळ बोथटला की भट्टीत घालून पाजवून द्यायचे. मोबदला सुगीला, खळ्यावर, धान्यात. सुगी बुडाली तर कारागिराच्याही कणगीत खडखडाट.

झेंडूआधी पाणी
खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजतात. या पूजेतला धुण्याचा भाग मेकॅनिकलाही पटेल. मळकट इंजिनाची गळती मळातच मुरते, धुतलेल्या इंजिनावर तेलाचा एक थेंबही चमकतो. तेव्हा यंदा बॉनेटवर हार घातल्यावर जरा वाकून खालीही बघा. तिथे ओलं दिसलं, तर प्रसादाआधी पाना!