चोरी कळल्यानंतरचे तीन दिवस

पगाराचा दिवस म्हटला की आमच्या पिढीच्या कामगाराला पहिल्यांदा आठवते ती सेफ्टी पिन. नोटांचे पाकीट आतल्या खिशात घालावयाचे, खिशाचे तोंड पिनेने बंद करावयाचे आणि एक हात छातीवर ठेवून बसमध्ये चढावयाचे. एवढे करूनही खिसा कापला गेला, तर तो मनुष्य तिथल्या तिथे ओरडत असे. बस थांबे, कंडक्टर कोणाला उतरू देत नसे, आणि पुष्कळदा पाकीट बाकाखाली टाकलेले सापडे. ओरडण्यात कोणाला लाज वाटत नसे. आता पगार खात्यात जमा होतो. 2017 साली पगारवाटपाचा कायदा बदलल्यापासून तर मालकांना ती वाट अधिकच मोकळी झाली. पिन अजूनही आहे, फक्त ती आकड्यांची झाली आहे. फरक पडला तो ओरडण्यात. खात्यातून पैसे गेलेला मनुष्य गप्प बसतो. मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या गप्प बसण्याविषयी आहे. पण त्याआधी हे कुलूप चालते कसे, ते पाहिले पाहिजे.

बँकेचा कारकून पूर्वी तोंड पाहत असे, सही जुळवीत असे. यंत्राला तोंड ओळखत नाही. ते दोनच प्रश्न विचारते : तुझ्या हातात काय आहे, आणि तुला काय ठाऊक आहे. हातात कार्ड, ठाऊक पिन. दोन्ही जुळली की ते पैसे देते, मग समोर खातेदार असो की त्याचा काळ असो. जुन्या कार्डाच्या पाठीवर नुसती काळी चुंबकीय पट्टी असे. कॅसेटच्या फितीवर गाणे असावे तसा तिच्यावर कार्डाचा तपशील नोंदलेला असे, आणि गाण्याची जशी दुसऱ्या फितीवर नक्कल होते तशी त्याचीही होई. चोर एटीएमच्या तोंडाशी आपले वाचणारे उपकरण चिकटवीत आणि पिन टिपण्यासाठी वर बारीकसा कॅमेरा लपवीत. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2018 च्या अखेरीपर्यंत पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे द्यावयास लावली. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. कालचा आकडा चोरून आज उपयोग नाही. पट्टी मात्र बऱ्याच कार्डांच्या पाठीवर राहिली आहे, आणि चिप न वाचणाऱ्या यंत्रावर तीच चालते. तेव्हा आकडे दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा करण्याची जुनी सवय सोडण्याचे कारण नाही.

कुलूप आपल्या बाजूनेच फुटते असेही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये जो दरोडा पडला तो पुष्कळांना आठवत असेल. 11 ऑगस्ट, शनिवार. एटीएमने 'या कार्डावर पैसे देऊ का?' असे विचारले की तो प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जावयाचा. चोरांनी मध्येच एक खोटा जबाब देणारा बसविला. तो खात्यात न पाहता प्रत्येक प्रश्नाला 'द्या' म्हणू लागला. नक्कल केलेली कार्डे घेऊन माणसे 28 देशांतील यंत्रांपुढे उभी होती. काही आपल्या देशातही होती. त्या दिवशी सुमारे 80 कोटी रुपये गेले, आणि 13 तारखेला आणखी सुमारे 14 कोटी परस्पर हाँगकाँगच्या एका खात्यात वळविले गेले. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, नुकसान बँकेचे झाले, असे बँकेने जाहीर केले. चोर पुण्यास आलादेखील नाही आणि दरोडा पुण्यात पडला! देशातला चोर आणि परदेशातला चोर हा भेद त्या दिवसापासून मला फारसा खरा वाटत नाही.

तेव्हा पैसे जाण्याच्या वाटा तीन. एक, चूक बँकेची. दुसरी, चूक बँकेचीही नाही व खातेदाराचीही नाही, मधल्याच कोणी तपशील चोरला. तिसरी, खातेदाराने स्वतः पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे कोणाला सांगितले. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक परिपत्रक काढून या तिन्ही वाटांचा हिशेब वेगवेगळा लावून दिला. बँकेच्या चुकीने गेले तर खातेदारावर एक पैसाही पडू नये. मधल्या कोणी चोरले आणि खातेदाराने संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही पडू नये. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि किमान सोयींच्या मूलभूत खात्याला 5,000 रुपये तोटा सोसावा. त्याहून उशीर झाला तर बँकेचे धोरण काय म्हणेल ते. आणि तिसऱ्या वाटेने गेले, तर कळवीपर्यंतचा तोटा खातेदाराचा, परंतु कळविल्यानंतरचा बँकेचा! हे शेवटचे कलम लोक वाचतच नाहीत. आपण मूर्खपणा केला असला तरी, तो सांगितल्या क्षणापासून पुढची जबाबदारी आपली राहत नाही. अशा नियमांत वेळोवेळी फेरफार होतात, म्हणून आजचे आकडे आपापल्या शाखेत विचारून घ्यावेत. पण सारा हिशेब दिवसांवर चालतो, ही मेख लक्षात ठेवावी.

दोन माणसे सांगतो. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाई 2018 च्या उन्हाळ्यात युनियनच्या कचेरीत आल्या. कार्ड त्यांच्या पेटीत, आणि पैसे मात्र रात्री दूरच्या एका शहरातल्या यंत्रातून निघालेले. फोनवर संदेश आला तो त्यांनी पहाटे शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला आणि बँक उघडताच दारात उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "तुम्हीच कोणाला पिन दिली असेल." बाईंनी वाद घातला नाही. साध्या मराठीत अर्ज लिहून घेतला, त्यावर तारीख व वेळ घातली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. आम्ही पुढे एवढेच केले की, चूक खातेदाराची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, हे लेखी कळविले. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असेही त्यात आहे. बाईंचे पैसे परत आले.

दुसरे एक निवृत्त फिटर. चाळीस वर्षे यंत्राशी झगडलेला, कोणाच्या बापाला न भिणारा मनुष्य. 2022 साली त्यांना फोन आला : "बँकेतून बोलतो, काका, तुमचे कार्ड आज बंद होणार." आवाज नम्र होता, नाव-गाव ठाऊक होते. काकांनी ओटीपी सांगितला. फंडाच्या पैशातले 60,000 गेले. त्यांनी ही गोष्ट मुलाला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही. "एवढा शहाणा आणि फसला" असे सून म्हणेल, ही भीती. त्या आठवड्यात आणखी दोनदा पैसे निघाले. अकराव्या दिवशी ते मजकडे आले तेव्हा खाते रिकामे होते. पहिले 60,000 नियमाने त्यांचेच गेले असते. पुढचे सगळे एका फोनने वाचले असते.

तो फोन 1930 या क्रमांकावर करावयाचा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकत असतात त्या त्या बँकांना कळविले जाते, आणि पैसा अजून कुठे पडून असेल तर तिथे अडविला जातो. चोर काही तासांत रक्कम पाच-दहा खात्यांत फोडून काढून घेतो, म्हणून इथे दिवस नव्हेत, मिनिटे मोजावयाची. त्याच दमात बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि मग शाखेत लेखी अर्ज द्यावा. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. फोनवरचा माणूस पैसे 'मिळण्यासाठी' पिन घाला म्हणाला, तर तो चोर आहे. पैसे घ्यावयास पिन लागत नाही. पोलिसाचा वेष घालून पडद्यावर येणारे आणि 'डिजिटल अटक' झाली म्हणणारे तेही चोरच. तशी अटक कायद्यात नाही.

परदेशाची गोष्ट थोडी निराळी आहे. आपली मुले दुबईला, मस्कतला कामाला जातात, म्हातारे आईबाप सिंगापूरला मुलीकडे जातात. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो. परदेशातील कित्येक दुकानदार तो मागत नाहीत, नुसत्या कार्डावरच्या आकड्यांवर पैसे जातात. म्हणून 2020 च्या ऑक्टोबरपासून नवे कार्ड परदेशी व ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद ठेवूनच द्यावे, असा नियम आला. ते आपण चालू करावयाचे, मर्यादा घालावयाची, आणि परतल्यावर आठवणीने बंद करावयाचे. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. आमच्या एका स्नेह्यांचे कार्ड यात्रा संपून दोन वर्षे झाली तरी जगभर उघडे होते. आपला फोन परदेशात संदेश घेईल अशी व्यवस्था करून जावे, नाहीतर चोरीचा संदेश मायदेशी परतल्यावरच दिसेल. आणि बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहून पाकिटाबाहेर ठेवावा. 1930 हा इथला आखूड क्रमांक, तिकडे तो उपयोगी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. शहरातल्या कितीतरी कंत्राटी कामगारांची खाती कंत्राटदाराने उघडून दिलेली असतात. कार्ड मुकादमाच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्याच्या वहीत, आणि खात्याला जोडलेला फोन क्रमांकही त्याचाच. कागदावर किमान वेतन जमा होते. तासाभरात त्यातले काही हजार काढून उरलेले हातावर ठेवले जातात. याला बँकेच्या भाषेत फसवणूकही म्हणता येत नाही, कारण कार्ड खरे, पिन खरी. कामगाराने उद्या तक्रार केली, तर पहिला प्रश्न येतो, "पिन तूच दिलीस ना?" आणि तीन दिवसांची मुदत ज्या संदेशापासून मोजावयाची, तो संदेश चोराच्याच खिशात वाजतो. म्हणून नवीन सभासद आला की आम्ही पावती फाडण्याआधी त्याला घेऊन बँकेत जातो, फोन क्रमांक त्याचा स्वतःचा घालून घेतो, जुने कार्ड बंद करून नवे मागतो. मुकादम रागावतो. काहींचे काम सुटले आहे, हेही लपवीत नाही.

अशाच एका वस्तीतल्या विशीतल्या मुलाने दरमहा 2,000 रुपयांवर आपले पासबुक व कार्ड एका ओळखीच्याला 'वापरायला' दिले. त्यात कुठल्या तरी परगावच्या म्हाताऱ्याचे लुटलेले पैसे येऊन गेले, आणि पोलिसांनी खाते गोठविले. मुलाने तोवर दुसरी नोकरी धरली होती व पगारासाठी हाच खाते क्रमांक दिला होता. दोन महिन्यांचा पगार त्या खात्यात जमा आहे. शिल्लक दिसते, काढता येत नाही. तारखेला तो जातो तेव्हा त्याच्याबरोबर आमच्यातले कोणी तरी जाते.