टायर किती किलोमीटर चालतो?

मोटरसायकलचा टायर घेताना गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा ‘किती चालेल?’ असा. दुकानदारही एक आकडा सांगून मोकळा होतो. रोज कामावर नेण्याच्या १००-१२५ सीसीच्या गाडीचा मागचा टायर २० ते २५ हजार किलोमीटर, पुढचा त्याहून बराच जास्त; ३५० सीसीच्या जड गाडीचा मागचा १० ते १५ हजार; रेसिंगच्या धाटणीच्या गाडीचा मऊ टायर कधी जेमतेम सहा-सात हजार. ढोबळमानाने हे आकडे चुकीचे नाहीत. पण एकाच दुकानातून एकाच जातीचा टायर नेलेल्या दोघांपैकी एकाचा टायर दुसऱ्याच्या निम्म्या अंतरातच गोटा होऊ शकतो, आणि त्यात कंपनीचा दोष असेलच असे नाही. टायर अंतराने झिजत नाही, तो घसरण्याने झिजतो. किलोमीटरचा काटा नेमकी तीच गोष्ट मोजत नाही.

घसरणे म्हणजे गाडी आडवी होणे नव्हे. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताहूनही लहान असतो. गाडी वेग घेते, ब्रेक मारते किंवा वळते, तेव्हा तेवढ्या भागातले रबर ताणले जाते आणि रस्त्यावर अगदी किंचित सरकते. हे सरकणे नसेल तर पकडही नाही. खोडरबर कागदावर नुसते दाबून ठेवले तर झिजत नाही, घासले की झिजते, तसेच हे. शिवाय सरकणे दुप्पट झाले की झीज दुपटीहून जास्त होते. म्हणून दर सिग्नलला उसळी घेणारा आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारणारा स्वार दहा किलोमीटरमध्ये जेवढे रबर रस्त्यावर ठेवतो, तेवढे एका चालीने जाणाऱ्याचे कितीतरी मोठ्या पल्ल्यात जाते. इंजिनाची सगळी ओढ मागच्या चाकावर येते, म्हणून आधी मागचाच टायर संपतो. त्यातून डबलसीट, सिलिंडर किंवा डिलिव्हरीची पेटी असेल तर आणखी लवकर. झीज कुठे होते हेही महत्त्वाचे. विदर्भातल्या सरळसोट रस्त्यांवर धावणाऱ्या गाडीचा टायर मधोमध सपाट होत जातो, कडा मात्र नव्यासारख्या राहतात. असा टायर आंबोलीच्या घाटात वळणावर गाडी झुकवताना अडखळतो, कारण त्याची गोलाई गेलेली असते. त्यामुळे काही टायरांत मधले रबर कडक आणि कडांचे मऊ ठेवतात. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर संपते. दोन्ही गुण एकाच रबरात पुरेपूर मिळत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

दुसरा शत्रू उष्णता, आणि तिचा संबंध हवेशी आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, रबर आतून तापते आणि तापलेले रबर भराभर झिजते. फार तापले तर आतले थरही सुटू लागतात. हवा प्रमाणाबाहेर भरली तर टेकणारा भाग आक्रसतो आणि मधला पट्टा झिजतो. पंक्चर नसतानाही टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपून जाते, म्हणजे दिवाळीला भरलेली हवा शिमग्यापर्यंत धोक्याइतकी उतरलेली असते. ती मोजायची टायर थंड असताना. दुपारी लांबून आल्यावर काटा जास्त दाखवतो आणि हवा पुरेशी असल्याचा भ्रम होतो.

यावर कोणी म्हणेल की ऐंशी टक्के लोक सारखीच गाडी सारख्याच रस्त्यावर चालवतात, मग दुकानदाराचा आकडा काय वाईट? आकडा सरासरी म्हणून ठीक आहे, पण आपला टायर आज बदलायचा की नाही हे सरासरी सांगत नाही. ते खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे सांगतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. आपल्याकडे दुचाकीसाठी कायद्याने खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. रेसच्या गाड्यांना तर खाचाच नसतात, हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे, आणि कोरड्या रस्त्यावर गोटा टायर पकड सोडतोच असे नाही. पण पाऊस आला की रेसवालेही खाचांचे टायर चढवतात. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, आणि गाडी थांबवून टायर बदलून देणारी टोळी सोबत नसते.

पावसाची गंमत अशी की त्यात झीज उलट कमी होते. पाणी रबराला थंड ठेवते आणि घर्षणही घटवते. किलोमीटरच्या हिशेबाने जुलै हा टायरचा सुखाचा महिना. पण खाचांची खरी गरज याच महिन्यात असते, कारण पाणी आणि चिखल रबराखालून बाहेर काढण्याचे काम त्यांचेच. शिवाय ओले रबर खडीच्या धारेने चटकन कापले जाते. त्यामुळे मे महिन्यात ‘अजून दोन-तीन हजार निघतील’ असे वाटणारा टायर तेव्हाच बदलावा. पैशाचा प्रश्न आहे, हे खरे. पण शेवटच्या मिलिमीटरमधून वाचणारी रक्कम वर्षभर हवा नीट ठेवून कितीतरी सोप्या रीतीने वाचते.

आणि ज्याची गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, त्याच्या बाबतीत ‘किती चालेल?’ हा प्रश्नच निकामी ठरतो. उन्हात उभ्या गाडीचे रबर ऊन आणि हवेतला ओझोन खात राहतो. ते कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात, खाचा मात्र छान दिसतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कितीही कमी चालला असला तरी काढावा. दुकानात नव्या टायरच्या कागदाआड हेच चार आकडे आधी शोधावेत, किंमत नंतर विचारावी.